दुसरी हाक

सिंधूच्या माहेरी हाकेचे दोन कायदे होते.

बाप शमुवेल तायडे बडनेऱ्याच्या रेल्वे यार्डात पॉइंटमन, गाड्यांसाठी रूळ बदलणारा. त्याला कुणी कुठूनही हाक मारो, पहिल्याच हाकेला तो 'ओ, आलो' म्हणून मोकळा. तोंडात घास असला तरी. क्वार्टरमधली पोरं गंमत म्हणून हाक मारायची आणि भिंतीआड लपायची. शमुवेल बाहेर येऊन रिकाम्या रस्त्याकडं बघायचा, स्वतःशीच हसायचा आणि परत ताटावर बसायचा. त्याचं नाव पवित्र शास्त्रातल्या, बायबलातल्या एका पोराचं होतं. देवाच्या मंदिरात झोपणारं ते पोर. अंधारात कुणीतरी त्याचं नाव घेतलं आणि ते उठून धावलं. शमुवेल म्हणायचा, त्याचं नाव लावतो तं त्याच्यासारखं उठाच लागते.

आई सुभद्रा लग्नानंतर मंडळीत आली. बाप्तिस्मा झाला, गाणी पाठ झाली, रविवार चुकला नाही. पण माहेरची एक भीती ट्रंकेत घडी घालून आणावी तशी ती बरोबर घेऊन आली होती. उन्हाळ्याच्या भर दुपारी कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही.

"तिसरी आली म्हंजे समजावं का मानूस हाय," आई सांगायची. "तिले तीनदा बोलावता येत नाही."

तिले म्हणजे हाकामारीला. दुपारी आई तिचं नाव घेत नसे. हाकामारी दाराशी येते, ओळखीच्या आवाजात हाक मारते. जो ओ देतो तो तिच्यामागं जातो. एवढंच. पुढचं आईनं कधी सांगितलं नाही आणि म्हणून ते फार मोठं होतं.

सिंधूनं दोन्ही कायदे पाळले. पहिल्या हाकेला ती उठायची. बापाचा मान राहायचा. बोलायची मात्र तिसऱ्या हाकेला. आईचाही राहायचा. मधल्या वेळात ती उंबऱ्याच्या आत उभी असायची, ओठ मिटून. पन्नाशी उलटली, आईबाप दोघंही गेले, तरी ही सवय गेली नाही.

लग्न होऊन ती अकोल्याला आली. नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. जठारपेठेतल्या एका गल्लीत रविकांत वकिलांच्या नव्या इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याला लागून एक खोली तिला मिळाली. तिथं ती साड्यांना फॉल-पिको करायची, ब्लाऊज शिवायची. हात फार साफ. जीव मात्र चिमणीचा. लिफ्टची भीती, पालीची भीती, अनोळखी नंबरच्या फोनची भीती. पॉइंटमनची पोर असून रूळ ओलांडताना तिचे पाय कापायचे.

समोर वच्छला राहायची. चौकात हार-गजरे विकायची. नवऱ्यानं टाकलेली, पण तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. दुपारी टोपली रिकामी करून आली की ओट्यावरूनच ओरडायची, "सिंधू, ए सिंधू, च्या ठेव." सिंधू तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायची. वच्छलाला ते माहीत होतं. ती चिडवायला तिन्ही हाका एका दमात मारायची.

"देवावर एवढा इस्वास, अन् एवढी भेते काहून गं तू?" वच्छला विचारायची.

"भेते म्हनून तं इस्वास हाय," सिंधू म्हणायची. "तुले भ्याच वाटत नाही. तुले देव काय लोनच्यात घालायचा हाय?"

वच्छलाची म्हातारी आई गंगूबाई तिच्याजवळच असे. खाटेला खिळलेली, आठवण पुसत चाललेली. मायलेकींचा गळा एक. थोडा घोगरा, शेवटाला वर चढणारा. वच्छलाचा भाचा किशोर फोन करायचा तेव्हा आधी विचारायचा, मावशी बोलून राहिली का आजी?

त्या मे महिन्यात अकोल्याचा रस्ता बारानंतर मरून पडायचा. कुत्री नालीत जाऊन झोपायची. दारं बंद, पडदे ओढलेले, आणि घराघरातून कूलरचा एकच घरघराट. त्या आवाजाची इतकी सवय झालेली की तो ऐकूच यायचा नाही. लाइन गेली की मग कळायचं. सगळे कूलर एकदम थांबायचे. गल्लीच्या छातीवरून कुणीतरी हात काढून घेतल्यासारखी शांतता पसरायची.

अशाच एका दुपारी लाइन गेली. सिंधूचं मशीन थांबलं. आणि त्या शांततेत हाक आली.

"सिंधू."

वच्छलाचा आवाज. एकच हाक. सिंधू उठली. उंबऱ्याआत उभी राहिली. दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिली.

दुसरी आली नाही. थोड्या वेळानं लाइन आली. कूलर सुरू झाले. सिंधूला वाटलं, वच्छला आत गेली असेल. ती परत मशीनवर बसली.

उन्हं उतरल्यावर लोकांनी दारं उघडली तेव्हा वच्छला ओट्यावर खांबाला टेकून बसलेली होती. टोपली मांडीवर. तळाशी उरलेला झेंडू पार करपलेला. डोळे उघडे, सिंधूच्या दाराकडं. डॉक्टर म्हणाले, उष्माघात.

त्या हाकेबद्दल सिंधूनं माणसांतल्या कुणालाच सांगितलं नाही. प्रभूला सांगितलं. प्रभू काही बोलला नाही.

*

बोलायचं काम पार्बताबाईनं केलं. पार्बताबाई गल्लीच्या तोंडाशी भाजीचं दुकान लावायची. वांगी तोलता तोलता तिनं सगळ्यांना सांगितलं की वच्छलाला ऊन लागलं नाही. वच्छलानं ओ दिली.

"जन्म गेला तिचा उन्हात. अन् सावलीत बसून ऊन लागलं? काई सांगू नका."

मग मोबाइलवर एक संदेश फिरला. हाकामारी आली आहे. दुपारी येते. आवाज ओळखीचा असतो. हे पुढं पाठवा. गल्लीतल्या चौकटींवर चुन्याचे पंजे उमटले. लिंबू-मिरच्या लटकल्या. आणि एक नियम ठरला. दुपारी कुणी कुणाला हाक मारायची नाही आणि कुणाच्या हाकेला ओ द्यायची नाही. काम असेल तर फोन करायचा.

"जित्या मानसापाशी मोबाइल असते," पार्बताबाई म्हणाली. "मेलेल्यापाशी नसते. सोपं हाय."

लोक हसले. आणि सगळ्यांनी नियम पाळला.

वच्छलाच्या बहिणीची माणसं वरूडहून आली होती. संत्र्याचा बगीचा असलेलं घर. अंत्यविधी उरकून त्यांनी गंगूबाईला गाडीत घातलं आणि वरूडला नेलं. साऱ्या गल्लीनं ते पाहिलं. म्हातारी गाडीच्या काचेतून विचारत होती, वच्छला कुठी हाय? दाराला कुलूप लागलं. किशोर तेवढा मागं राहिला. तो बडनेऱ्याला कामाला होता, रोज रेल्वेनं अप-डाउन करायचा. उजाडायच्या आधी जायचा, अंधार पडल्यावर यायचा. मागच्या बोळातून आत शिरायचा. खिडकीत दिवा दिसायचा. लोक म्हणाले, तेरवीपर्यंत दिवा ठेवायचा असते, त्याच्यासाठी येते बिचारा. सुतकाच्या घराशी कुणी फार बोलत नव्हतं. त्यातून त्या घराशी.

एका दुपारी कुणीतरी दारोदार फिरलं. आधी एक गाडी थांबल्याचा आवाज झाला. मग पुरुषाचा आवाज. "मावशी, ओ मावशी. कोनी हाय का?" पार्बताबाईच्या दाराशी. मग पलीकडं. मग आणखी पलीकडं. चपला डांबरावर चिकटून सुटत होत्या. सिंधूच्या दाराशी त्या थांबल्या. "सिंधूमावशी." सिंधू उठून आत उभी राहिली. ओठ मिटलेले. चपला थोडा वेळ थांबल्या आणि गेल्या.

लगेच तिचा फोन वाजला. पार्बताबाई.

"ऐकलं का? आता गड्याच्या आवाजात येऊन राहिली. ओ नाही देली ना?"

"नाही."

"शायनी हाय तू."

दुसऱ्या दिवशी लाइन गेली, कूलर थांबले, आणि समोरच्या कुलूपबंद घरातून आवाज आला.

"वच्छला. ए वच्छला."

थोडा घोगरा. शेवटाला वर चढणारा. वच्छलाचाच.

गल्लीत कुणी हललं नाही. सिंधूच्या हातातली सुई बोटात शिरली तरी तिला कळलं नाही. लाइन आली. घरघराटात आवाज बुडाला. संध्याकाळी पार्बताबाई भाजीवर पाणी शिंपडत हळूच म्हणाली, "सोतालेच हाक मारून राहिली ती. कोनी ओ देत नाही ना. मंग सोतालेच."

त्यानंतर रोज. लाइन गेली की तो आवाज. खरं तर आवाज दिवसभरही असेल, कूलरपुढं ऐकू येत नसेल. पण असं कुणाच्या मनात आलं नाही. लोकांनी उलटं धरलं. ती येते म्हणून लाइन जाते.

सिंधूनं एकदा पार्बताबाईला विचारून पाहिलं, "गंगूबाई तं नसन?"

"गंगूबाई वरूडले हाय. तुह्या डोयानं पाह्यलं ना गाडीत बसवताना?"

पाहिलं होतं. आणि सिंधूच्या मनात खोल कुठंतरी जे बसलं होतं ते काढायला तिला कुणाची मदत होणार नव्हती. त्या दिवशी वच्छलानं एक हाक मारली होती. तिला ओ मिळाली नाही. वच्छला दुसरी हाक मारायला येणार होती.

रविवारी उपासना झाल्यावर तिनं पाळकसाहेबांना गाठलं. चपला घालता घालता विचारलं, "साहेब, मेलेलं मानूस हाक मारते का?"

"नाही सिंधूताई. असं काही नसतं." पाळकसाहेब तरुण होते, भले होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तिला बरं वाटलं. फाटकापर्यंत बरं वाटलं. घरी आली, लाइन गेली, आणि सगळं होतं तिथं आलं.

वकिलांची मुलगी देवश्री तिच्याकडं येऊन बसायची. नुकतीच मराठीत एम. ए. झालेली. तिचं सगळं स्पष्ट होतं. "मावशी, या लोककथा आहेत. पटकीच्या, प्लेगच्या काळात लोक असं रचायचे. मी काही मानत नाही."

लाइन गेली की ती बोलता बोलता उठायची आणि खिडकी लावून घ्यायची.

*

त्या दिवशी सकाळी पार्बताबाई मेथीची जुडी देताना म्हणाली, "काल दिवा नाही लागला."

सिंधूनं वर पाहिलं.

"किशोर आला नाही काल. दिवा इझला म्हंजे ती मोकळी झाली. आज दार नको उघडू."

दुपारी देवश्री ब्लाऊज घालून बघायला आली होती. सिंधू तिच्या बाहीला टाचण्या लावत होती. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. लाइन गेली.

दोघीही थांबल्या. आता तो आवाज येईल म्हणून थांबल्या. आला नाही. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून पाण्याचे थेंब टपटपत राहिले, मग तेही थांबले. रोज आवाजाची भीती वाटायची. आज त्याच्या नसण्याची वाटली. देवश्री हसल्यासारखं करून म्हणाली, "बघ. काही नाही."

"सिंधू."

एकच हाक. लांबून नाही. दाराशी असल्यासारखी. स्वच्छ.

देवश्रीचा चेहरा उतरला. तिनंही ऐकलं होतं. सिंधू उठली. कधी उठली तिला कळलं नाही. उंबऱ्याआत जाऊन उभी राहिली. मांडीवरच्या टाचण्या फरशीवर सांडल्या.

ही दुसरी हाक होती. पहिली त्या दिवशी होऊन गेली. आईच्या कायद्यानं अजून एक यायची होती. ती आली तर माणूस. नाही आली तर ती. फक्त थांबायचं होतं. सिंधूला थांबता येत होतं. जन्मभर तिनं तेच केलं होतं. आणि त्या दिवशीही ती इथंच उभी होती, याच फरशीवर, आणि पलीकडं वच्छलाचे डोळे या दाराकडं लागलेले होते.

मागून देवश्रीनं तिचं मनगट धरलं. "मावशी, जाऊ नको."

"तू तं मानत नाही ना?"

"नाही मानत."

"मंग चाल माह्यासंगं."

देवश्रीनं मनगट सोडलं. मग अगदी हळू म्हणाली, "मानत नाही. पण मी येत नाही."

सिंधूला त्याचा राग आला नाही. तिला बाप आठवला. लहानपणी एकदा तिनं त्याला विचारलं होतं. बाबा, तुमी ओ देता, बाहीर जाता, अन् तिथं कोनीच नसते. भ्या नाही वाटत? शमुवेल कंदिलाची काच पुसत होता. म्हणाला होता, वाटते ना. पन त्या पोराले तरी कुठं माईत होतं हाक कोनाची हाय ते? हाक देवाची, अन् ते तं भलत्याच मानसापाशी धावत गेलं. एकदा नाही, घडीघडी गेलं. देव त्याच्यावर रागावला नाही. आपन कोनाचे हाओत हे माईत असलं म्हंजे झालं, सिंधू. हाक कोनाची ते मंग समजते. नाही समजलं तरी चालते.

इतकी वर्षं तिला वाटत होतं की बापाला भीती नव्हती. तो वाटते म्हणाला होता. ते ती विसरली होती.

"प्रभू," ती पुटपुटली, "मले लय भ्या वाटून राहिलं. तू संगं चाल." भीती गेली नाही. पण जबडा सुटला.

"ओ," सिंधू म्हणाली. "आले."

आवाज चिरका निघाला. पण त्या शांततेत तो गल्लीभर गेला. समोर कुठंतरी खिडकीची फट मोठी झाली. सिंधूनं कडी काढली. ती उन्हात पाऊल टाकते तोच खोलीत तिचा फोन वाजू लागला. पार्बताबाईच असणार. सिंधू थांबली नाही. फोन वाजत राहिला, थांबला, परत वाजला. तेवढाच एक आवाज तिच्या पाठीशी होता.

रस्ता ओलांडायला कितीसा वेळ लागतो? तिला फार लागला. डांबर चपला धरून ठेवत होतं. तिची सावली पायाखाली गोळा झालेली, तिच्याच टाचांखाली दबलेली. ओट्यावर खांबाच्या बुडाशी झेंडूची एक वाळकी पाकळी अजून होती. दाराला कुलूप. सिंधू बोळाकडं वळली. मागचं दार नुसतं दोरीनं बांधलेलं होतं. गाठ सुटेना. तिनं दातानं सोडली.

आत अंधार आणि कुजक्या फुलांचा वास. डोळे स्थिरावायला वेळ लागला. मग कोपऱ्यातला दिवा दिसला. तेल आटलेला, वात काळी. त्याच्याशेजारी मेलेल्याची पावलं बघायला पसरलेल्या पिठावर रेघोट्या. आणि खाटेशेजारी जमिनीवर, भिंतीला पाठ लावून, वच्छला बसली होती.

तिची हिरवी साडी. तिचेच गाल, पण आत ओढलेले. तिचेच डोळे, उघडे, दाराकडं. ओठ एकमेकांना चिकटलेले.

सिंधू खालीच बसली. आता काहीच उरलं नव्हतं, मागं फिरण्याइतकंही नाही. तशीच सरकत ती पुढं गेली आणि हात लांब केला. "वच्छे," ती म्हणाली. "मी आली."

हाताला गाल लागला. चटका बसावा इतका गरम. मेलेल्या माणसाचा गाल गरम नसतो. डोळे हलले, तिच्याकडं वळले. तेव्हा त्या गालावरच्या सुरकुत्या दिसल्या, कपाळावरचं जुनं गोंदण दिसलं. गंगूबाई होती. लेकीच्या साडीत.

शेजारी पाण्याचा गडू कलंडलेला होता, हात पोचणार नाही इतका लांब. किशोरनं काल पहाटे ठेवलेल्या भाकरीवर मुंग्या लागल्या होत्या. सिंधूनं माठातल्या तळच्या पाण्यात पदर बुडवला आणि ओठांवर पिळला. थेंब थेंब. ओठ सुटायला फार वेळ घेत होते.

एकटीला ती उचलवणार नव्हती. फोन खोलीत राहिला होता. सिंधू बोळाच्या तोंडाशी आली आणि भर दुपारी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "देवश्री."

दारं बंद. पंजे पांढरे. कुणी ओ दिली नाही. का देतील? तिला स्वतःलाही कळत होतं की तिचा आवाज आता त्या घराकडून येत होता. ती आत गेली आणि आवाज बाहेर आला, एवढंच गल्लीनं पाहिलं होतं. दाराआड सगळे कसे उभे असतील ते तिला डोळ्यांसमोर दिसलं. ओठ मिटून. आजवर ती आत उभी असायची. दाराबाहेरून कसं वाटतं हे तिला आज समजलं.

"देवश्री," तिनं परत हाक मारली.

मधे काहीच नव्हतं. नुसतं ऊन. मग समोरचं दार उघडलं. एका बाहीत टाचण्या लागलेल्या तशाच, अनवाणी, देवश्री उंबऱ्यावर उभी होती.

"ओ," ती म्हणाली. आणि डांबरावरून पाय भाजत धावत आली.

पार्बताबाई आली ती तिसऱ्या हाकेला. पण आली ती बर्फ घेऊन.

*

किशोरचा पत्ता संध्याकाळी लागला. आदल्या दिवशी बडनेऱ्याला गाडीतून उतरताना पडला होता. पाय मोडला, मोबाइल फुटला. अमरावतीला एका दवाखान्यात होता. दुसऱ्याच्या फोनवरून बोलता बोलता रडत होता. वरूडला आजीनं अन्न सोडलं होतं, वच्छला, वच्छला करून. म्हणून तो तिला परत घेऊन आला. आपल्या घरी असली की निवांत असते, म्हणाला. दिवसभर एकटी राहील म्हणून गल्लीत सांगायला गेला होता.

"भर दुपारी दारोदार फिरलो, मावशी. एकाही घरातून ओ आली नाही. मंग म्या म्हनलं, जाऊ द्या. मले बी राग आला."

"माह्या दाराशी आलता तू," सिंधू म्हणाली. "मी आतच उभी होती."

मग किशोर म्हणाला, "आजी कशी हाय?"

गंगूबाई वाचली. सलाइन लावणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिची जीभ पाहिली आणि देवश्रीला विचारलं, तुम्हाला कसं कळलं आत कुणी आहे ते? देवश्रीनं सांगितलं, हाक मारली तिनं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, ही जीभ टाळूला चिकटलेली होती. कालपासून हिच्या तोंडून आवाज निघाला असेल असं वाटत नाही. आणि हाक तर नाहीच.

देवश्रीनं ते सिंधूला दवाखान्याच्या पायऱ्यांवर सांगितलं. संध्याकाळ असूनही पायऱ्या तापलेल्या होत्या.

"मग कोण होतं, मावशी? मीही ऐकलं ना. तुझंच नाव घेतलं."

सिंधू पदरानं मान पुसत राहिली. "मले माईत नाही."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," सिंधू म्हणाली.

किशोरचा पाय जुळेपर्यंत म्हणून गंगूबाईला तिनं आपल्या खोलीत आणलं. पाय जुळला तरी म्हातारी तिथंच आहे. खाट मशीनच्या शेजारी. सिंधू पिको करता करता तिच्याशी बोलते, जेवण भरवते, झोपताना प्रार्थना म्हणते. म्हातारी डोळे मिटून घेते आणि शेवटी 'राम राम' म्हणते. सिंधू ते चालवून घेते. गल्लीतले चुन्याचे पंजे पावसानं धुऊन गेले. पार्बताबाई अजून दुपारी फोनच करते. ती म्हणते, सवय पडली.

देवश्री अजूनही येऊन बसते. दुपारची लाइन जाण्याची वेळ तिला सहन होत नाही, पण ती चुकवताही येत नाही. लाइन जाते. मशीन थांबतं. कूलर थांबतात. खाटेवरची म्हातारी छताकडं बघत, घोगऱ्या, शेवटाला वर चढणाऱ्या आवाजात हाक मारते.

"वच्छला."

देवश्रीच्या अंगावर काटा येतो. रोज येतो. कारण पुढच्याच क्षणी, दुसऱ्या हाकेची वाट न बघता, सिंधू उठलेली असते.

"ओ," ती म्हणते. "आले, माय."